‘जड गॅस वर जातच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की सांगलीत एसी-फ्रीज दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: फ्रीज-एसीतला गॅस हवेपेक्षा चौपट जड, तो ओझोनपर्यंत पोचेलच कसा? क्लोरीन तर समुद्र आणि ज्वालामुखीही सोडतात. अंटार्क्टिकावर फ्रीज वापरतो कोण? जुना गॅस बंद करणं हा महागडा गॅस खपवायचा कंपन्यांचा डाव. आणि आता तर ओझोनचं भोकही बुजलं. तेव्हा गॅस खुशाल हवेत सोडा! शंभर फुटी रोडवरच्या दुकानांत काम शिकणारी पोरं हा शेवटचा सल्ला मनावर घेतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

जडपणाचा मुद्दा आधी, कारण बाकीचा डोलारा त्यावर उभा आहे. जुन्या फ्रीजमधल्या आर-12 या गॅसचा रेणुभार 121, हवेचा सरासरी 29. बंद खोलीत गॅस गळला तर तो खरंच जमिनीलगत साचतो. मेकॅनिकचा अनुभव खोटा नाही. पण तो चार भिंतींतला. उघड्यावर ऊन, वारा, वळवाचे ढग हवा अखंड घुसळत असतात आणि साधारण 100 किलोमीटर उंचीपर्यंत या घुसळणीपुढे वजनाचं काही चालत नाही. वायूंचे वजनाप्रमाणे थर लागत असते, तर 44 रेणुभाराचा कार्बन डायऑक्साइड कृष्णाकाठी साचून आपण कधीच गुदमरलो असतो. आर्गॉनही हवेपेक्षा जड, तरी कोरड्या हवेतलं त्याचं प्रमाण सांगलीत आणि महाबळेश्वरच्या पठारावर एकच, 0.93 टक्के.

तर्क राहू द्या, मोजमाप बघा. 1987 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोनचा थर असतो त्या उंचीवरच्या, हवेचे नमुने खाली आणले. त्यात हे गॅस सापडले. जमिनीवरून वर पोचायला त्यांना वर्षं लागतात, पण आर-12 सुमारे शंभर वर्षं टिकतो. त्याला घाई नाही.

समुद्र आणि ज्वालामुखींचं क्लोरीन मुख्यतः मीठ आणि हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात असतं. दोन्ही पाण्यात विरघळतात आणि बहुतेक पावसाबरोबर खाली येतात. सीएफसी, म्हणजे आर-12 सारखे क्लोरीन, फ्लोरिन आणि कार्बनचे गॅस, विरघळत नाहीत, कशाशी अभिक्रिया करत नाहीत. याच गुणासाठी तर ते बनवले गेले. वर तीव्र अतिनील किरण कार्बन-क्लोरीन बंध तोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनमधला एक ऑक्सिजन घेऊन क्लोरीन मोनॉक्साइड होतो, पुढे सुट्या ऑक्सिजन अणूशी गाठ पडली की पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनला भिडतो. असा एकेक अणू हजारो रेणू संपवतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये हेच मांडलं. शिवाय स्थितांबरात हायड्रोजन फ्लोराइडही सापडतं. तिथे ते पोचवणारा मोठा नैसर्गिक स्रोत नाही. ते आपल्याच गॅसमधल्या फ्लोरिनचं आहे.

अंटार्क्टिकाचं उत्तर सोपं आहे. गॅस जगभर पसरतो, पण उणे 78 अंशांखाली बनणारे बर्फाचे ढग तिथे सर्वांत जास्त. त्यांच्या पृष्ठभागावर इतर संयुगांत अडकलेलं निद्रिस्त क्लोरीन मोकळं होतं आणि सप्टेंबरात ऊन आलं की ओझोनवर तुटून पडतं.

कंपन्यांनी नव्या गॅसवर पैसा कमावला, हे मान्य. पण ड्यूपाँट ही सर्वांत मोठी उत्पादक कंपनी सुरुवातीला बंदीच्या विरोधात होती. उत्पादन थांबवायला ती 1988 मध्ये राजी झाली. आज बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, मोठ्या शीतगृहांत अमोनिया. यांवर कुणाची मक्तेदारी? हां, नवे गॅस निर्दोष नाहीत. एसीतल्या आर-410ए मध्ये क्लोरीन नाही, पण तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता अडवतो. म्हणूनच 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला नवा करार करावा लागला.

भोक बुजलेलं नाही, भरत आहे. अंटार्क्टिकावर 1980 ची पातळी यायला 2066 उजाडेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज. आणि ते भरतंय ते 1987 च्या माँट्रियल करारानंतर गॅस थांबवले म्हणूनच.

आता तो सल्ला. घरच्या जुन्या एसीतला एक किलो आर-22 हवेत सोडणं म्हणजे साधारण 1.8 टन कार्बन डायऑक्साइड सोडणं. तेवढ्यासाठी साडेसातशे लिटरच्या वर पेट्रोल जाळावं लागेल. एसी दुसरीकडे हलवताना गॅस सोडायची गरजच नसते. लिक्विड लाइनचा (बाहेरून आत गॅस नेणाऱ्या बारीक नळीचा) व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याशी आला की सक्शनचा (गॅस परत आणणाऱ्या जाड नळीचा) व्हॉल्व्ह बंद करून मशीन थांबवायचं. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो. काही मिनिटांचं काम. एसी थंड करत नसेल, तर गॅस भरण्याआधी जॉइंटला साबणाचं पाणी लावून गळती शोधायला सांगा. बुडबुडे आले तिथला जॉइंट दुरुस्त होईपर्यंत नवा गॅस भरू देऊ नका.