रेनकोट भिजू नये म्हणून

पाऊस वरून खाली पडतो, असं मी चौथीच्या पोरांना शिकवतो. पोटापाण्यासाठी माणूस काय काय शिकवतो! गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस समोरून येतो, दोन्ही बाजूंनी येतो आणि स्कूटरवर बसलेल्या माणसाला तो चिखलासकट खालूनही येतो. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या भागात त्याहून जास्त. त्यातला बराचसा माझ्या मानेवरून पाठीत उतरतो, असा माझा अनुभव आहे.

दरवर्षी मी रेनकोट वाळपईच्या बाजारात घ्यायचो. तिथला दुकानदार रेनकोट स्वतः अंगावर चढवून दाखवतो. "मास्तर, आत घामाने भिजाल, पण पावसाने नाही," एवढी त्याची गॅरंटी. ती तोंडी असते, पण तो तोंडासकट वर्षभर त्याच दुकानात बसलेला असतो, ही त्यातली गोम. यंदा माझ्या रेनकोटाची बाही उंदरांनी खाल्ली आणि नेमका त्याच दिवशी भाचा घरी आला. भाचा नववीत आहे, म्हणजे त्याला सगळं कळतं. त्याने फोनवर एक रेनकोट दाखवला. 2499 रुपयांवर काट मारून खाली 799. चित्रात एक दाढीवाला तरुण तो घालून बर्फाच्या डोंगरावर उभा होता. त्या माणसाने जन्मात पाऊस पाहिला असेल असं काही त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं. पण 1700 रुपये वाचताना दिसले की माणूस दुसऱ्याचं तोंड बघत नाही.

"अहो, बाजारात साडेचारशेला मिळतो ना?" बायको म्हणाली.

"तो साडेचारशेचाच असतो गं," मी म्हणालो. "हा अडीच हजारांचा आहे."

वर 60 रुपये घरपोच करण्याचे. ते भरले आणि वाट बघत बसलो.

आता माझा पत्ता सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी ठाण्याला राहतो. मुंबईजवळच्या नव्हे, सत्तरीतल्या. आमचं ठाणे छोटं, झाडाझुडपांतलं. लोकल गाडी नाही, तलाव नाहीत, पण नाव तेच. चौथ्या दिवशी फोनवर निरोप आला: 'आपले पार्सल ठाणे हबला पोहोचले आहे.' मी दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आलो. हब नावाची काही वस्तू आमच्या गावात मला दिसली नाही. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला: पार्सल त्या ठाण्याला गेलं होतं.

वास्तविक असे घोळ होऊ नयेत म्हणूनच पिनकोड आला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या जाणकार मराठी माणसाने तो बसवला आणि 15 ऑगस्ट 1972 पासून तो चालू झाला. एकाच नावाची दहा गावं, पत्ते दहा भाषांत, अक्षर डॉक्टरांसारखं. म्हणून सहा आकडे. आमचा पिन 403506. त्या ठाण्याचे पिन 400 ने सुरू होतात. म्हणजे पहिल्या दोन आकड्यांपर्यंत आम्ही एकाच घरातले, तिसऱ्यावर वाटण्या झालेल्या. तो तिसरा आकडा वाचायचा कुणीतरी कंटाळा केला असावा. वेलणकर बिचारे सहा आकडे देऊन गेले. ते वाचायला माणूस कुठून आणणार?

तर नऊ दिवस प्रवास करून रेनकोट आला. मोठं खोकं, आत पिशवी, पिशवीत पिशवी. दुसऱ्या दिवशी घालून निघालो. पहिल्या वळणापर्यंत मी त्या दाढीवाल्यासारखा ताठ होतो. दुसऱ्या वळणावर डाव्या खांद्यावर कुणीतरी थंड बोट ठेवल्यासारखं वाटलं. मग ते बोट हळूहळू खाली उतरायला लागलं. शाळेत पोचलो तेव्हा रेनकोट बाहेरून भिजला होता आणि मी आतून. मुलांनी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं, पण ते खाली साठलेल्या डबक्याकडे बघून.

घरी आल्यावर रेनकोट उलटा करून बघितला. कापड चांगलं होतं, पाणी कापडातून येतच नव्हतं. येत होतं ते शिवणीतून. सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक, आणि ती भोकं बुजवायला आतून शिवणीवर एक पारदर्शक पट्टी चिकटवतात. माझ्या रेनकोटाला ती पट्टी गळ्यापासून खांद्याच्या अर्ध्यापर्यंत होती. तिथे चिकटवणाऱ्याची जेवायची सुट्टी झाली असणार. चष्मा लावून जाहिरात पुन्हा वाचली. वर ठळक अक्षरांत 'वॉटरप्रूफ', खाली मुंगीच्या अक्षरांत 'वॉटर रेझिस्टंट'. म्हणजे पाण्याला विरोध करतो. विरोध तर मीही बऱ्याच गोष्टींना करतो. म्हणून त्या व्हायच्या थांबतात थोड्याच!

परत करायचं ठरलं. ॲपवर एक बाई बोलायला आल्या, त्या बाई नसून यंत्र होत्या. अटी त्यांनी भराभर सांगितल्या. वस्तू दहा दिवसांत परत यावी, मूळ खोक्यासह यावी, टॅग शाबूत असावा, वस्तू कोरडी असावी आणि वापरलेली नसावी.

मी लिहिलं, "न वापरता रेनकोट गळतो हे कसं कळणार?"

"आपली अडचण मला समजते. कृपया वस्तूचा न वापरलेल्या अवस्थेतील फोटो पाठवा."

शेवटी भाच्याने रेनकोट खुर्चीला घातला, तांब्याने पाणी ओतलं आणि आतून गळणाऱ्या धारेचा व्हिडिओ काढला. तो पाठवायला आमच्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर जावं लागतं, रेंज तिथेच. ते मान्य झालं. पण मग दुसरा निरोप: 'आपल्या पिनकोडवर वस्तू परत नेण्याची सेवा उपलब्ध नाही.' आणून द्यायला आमचा पिन चालतो, न्यायला चालत नाही. वस्तू आपली आपण पाठवायची, आणि टपालखर्चाचे जास्तीत जास्त 60 रुपये मिळतील, तेही रोख नव्हे, पॉइंटांत.

पण पाठवायची कोरडी. इथून खरी गंमत सुरू झाली.

आषाढात सत्तरीत काही वाळत नाही. चादर चार दिवस, जीनची पँट चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत. मीठ बरणीत पाणी होऊन बसतं, लाकडी कपाटाचं दार फुगून बंद होत नाही. आणि माझ्याकडे दहापैकी सात दिवस उरलेले. पंख्याखाली ठेवला तर वीज गेली. इस्त्री फिरवावी तर कापड वितळेल अशी बायकोला भीती. शेवटी तिनेच तो मागच्या पडवीत चुलीवरच्या दोरीवर टाकला. आमच्याकडे पावसात ती चूल न्हाणीचं पाणी तापवायला पेटती असते आणि तिच्यावरच्या दोऱ्यांवर घरातल्या सगळ्या किमती ओल्या वस्तू असतात. रेनकोटाच्या एका बाजूला सोलं, म्हणजे आमसुलं, आणि दुसऱ्या बाजूला गालमोची पिशवी. गालमो म्हणजे सुकी बारीक सुंगटं, तुमची कोळंबी. पावसाळ्यात ताजी मासळी महागली की नारळ घालून त्याची किसमूर करतात, आणि ती असली की मला भाताचं भान राहत नाही. पाच दिवसांत रेनकोट खडखडीत वाळला. मला त्याचा अभिमान वाटला.

पार्सल घेऊन आधी खासगी कुरिअरवाल्याकडे गेलो. घरी नारळ मोजायच्या काट्यावर ते एक किलोसुद्धा भरलं नव्हतं. कुरिअरवाल्याने काटा बाजूला सारला आणि टेप काढला. लांबी 40, रुंदी 35, उंची 10. तिन्हींचा गुणाकार, भागिले 5000. "2.8 किलो, सर."

"अहो, वजन करा ना."

"केलं ना. हे आकाराचं वजन. गाडीत जागा खातं ना खोकं."

म्हणजे हवेचं भाडं. 799 च्या रेनकोटाला 380 रुपये. मी खोकं उचललं आणि पोस्टात गेलो. जाताना रेनकोट भिजू नये म्हणून तो खताच्या प्लॅस्टिक पिशवीत घातला होता, पिशवी पोटाशी धरली होती आणि वर छत्री. रेनकोट वाचावा म्हणून छत्री पुढे घेतली, त्यामुळे पाठ पूर्ण भिजली. समोरून आमच्या शाळेचे हेडमास्तर येत होते. "पुस्तकं वाटतं?" त्यांनी विचारलं. मी "होय" म्हटलं. रेनकोट म्हणायचा धीर झाला नाही.

पोस्टातल्या बाईंनी चांगला सल्ला दिला: खोकं मोडून सपाट करा, त्यावर रेनकोट घडी करून ठेवा आणि जाड कागदात बांधा. मूळ खोकंही गेलं, हवाही गेली. सवयीने मी म्हणालो, "रजिस्टर करा." त्या म्हणाल्या, "मास्तर, रजिस्टर आता नाही. 2025 सालीच ते स्पीड पोस्टात घातलं." जरा वाईट वाटलं. नोकरीची ऑर्डर, लग्नाआधीची एक पत्रिका, वडिलांच्या जमिनीचे कागद, सगळं आमच्याकडे रजिस्टरने आलेलं. पण पोस्टाच्या खिडकीपुढे हळवं व्हायला वेळ कुठे, मागे रांग होती. टपालखर्चावर 18 टक्के जीएसटी धरून पैसे मोजले, तेव्हा शंभराची नोट पुरली नाही.

बारा दिवसांनी पोस्टमन दारात. दुरूनच हसत होता.

"मास्तर, तुमचें गालमो परत आयलें मरे!"

पार्सल विक्रेत्याने नाकारलं होतं. ॲपवर कारण: 'वस्तूस वास येतो. वापरलेली असण्याची शक्यता.' मी पार्सल नाकाशी नेलं. वास येत होता, खोटं कशाला बोलू? धुराचा थोडा, सोलांचा थोडा, गालमोचा पुष्कळ. मला तर भूकच लागली.

आता हा प्रश्न 799 रुपयांचा राहिला नव्हता. वाळपईत माझा एक जुना विद्यार्थी वकील आहे. चौथीत असताना त्याला मी एकदा खोडरबर चोरल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. खोडरबर दुसऱ्याच दिवशी माझ्याच खणात सापडलं. त्याने ते मनात ठेवलं नाही, किंवा ठेवूनही मला मदत केली. म्हणाला, "सर, 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतीचा टपालखर्च किती, कुणाचा, हेही आधी स्पष्ट सांगावं लागतं. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाल. नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही."

पाच लाख! मी 799 वर होतो. आयोगापुढे पुरावा म्हणून रेनकोट हुंगायला द्यावा लागेल, या कल्पनेने मला रात्री झोप लागेना.

त्याआधी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, असंही तो म्हणाला. देवळाच्या पायऱ्यांवर बसून केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. चार दिवसांत कंपनीच्या माणसाचा फोन आला. हिंदी अत्यंत गोड.

"सर, पूरा रिफंड देंगे. पिकअप भी हम करवाएंगे. आप ठाणे वेस्ट में हैं या ईस्ट में?"

मी म्हणालो, "गोवा में."

"जी, घूमने गए हैं? लौटकर बताइए, सर."

पुढची दहा मिनिटं मी त्यांना चार-शून्य-तीन समजावलं.

चवथीच्या आठवडाभर आधी, वीतभर अंतरावरचं दिसणार नाही अशा पावसात, एक मोटरसायकल अंगणात येऊन थांबली. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, होंडा गावचा. केसांतून पाणी, कोपरातून पाणी, बुटांतून पाणी. "सर, रिटर्न पिकअप," म्हणाला आणि दारातच थांबला, आत आला तर जमीन ओली होईल म्हणून. बायकोने चहा दिला. रेनकोट नव्या पिशवीत बांधून तयार होता. ओटीपी मात्र माझ्या फोनवर येणार, आणि घरात रेंज नाही.

निघालो देवळाकडे. छत्री एक. तिच्याखाली मी, माझा फोन आणि रेनकोट. मुलगा बाजूने चालत होता.

"घे की रे छत्रीत."

"नको सर, भिजलोच आहे. वस्तू ओली झाली तर माझे पैसे कापतील."

पायऱ्यांवर ओटीपी आला. त्याने तो टाकला, पार्सलाचा फोटो काढला, टॅगचा फोटो काढला. मग पिशवीतून दिसणाऱ्या रेनकोटाकडे जरा वेळ बघत राहिला.

"सर, होंड्यापर्यंत घालून जाऊ काय?"

"घाल. पण डाव्या खांद्याला गळतो."

त्याने पिशवीला हात लावला, नाकाजवळ नेली, आणि हसला. "नको. आता माझा वास लागला म्हणतील."

रेनकोट त्याने पाठीवरच्या मोठ्या बॅगेत सरकवला. बॅगेवर निळं प्लॅस्टिकचं कव्हर ओढलं, दोरी घट्ट आवळली, कुठे फट राहिली नाही ना ते दोनदा चाचपून बघितलं. मग भरपावसात तसाच गाडीवर बसला आणि वळून म्हणाला, "सर, पिकअपला पाच स्टार द्या हां."

मी पायरीवरच होतो, रेंज होती. दिले.