मावशीचा प्रश्न राहिलाय

परवा बडोद्याहून मावशीचा फोन आला. दांडिया बाजारातल्या ज्या मंडळात ती वर्षानुवर्षं व्याख्यानं ऐकायला जाते, तिथली सभागृहातली व्याख्यानमाला बंद करून वक्त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचं घाटतंय. श्रोते सगळे साठीच्या पुढचे, तरुण फिरकत नाहीत, नातवंडांना मराठी भाषण जड जातं. "तू तिकडे मोठमोठ्यांना ऐकतोस ना, मग सांग की यांना काहीतरी," म्हणाली.

लंडनमध्ये मला बारा वर्षं झाली. इथलं ग्रेशम कॉलेज 1597 पासून गावाला फुकट व्याख्यानं देतंय. सुरुवातीला तेच व्याख्यान लॅटिनमध्येही होई आणि शहरातल्या साध्या माणसांसाठी इंग्रजीतही. आज ती ऑनलाइन दिसतात, म्हणून सभागृहाला कुणी कुलूप लावलेलं नाही. मी जातो तो मात्र भाषणानंतरच्या प्रश्नांसाठी. महागाईवरच्या एका व्याख्यानानंतर माइक मागच्या रांगेतल्या एका आजींकडे गेला. मांडीवर ओला रेनकोट, हातात पाठपोट लिहिलेला कागद. त्यांनी विचारलं, "या कुटुंबाच्या खर्चात घरभाडं कुठंय?" वक्त्यांनी पडद्यावरचा तक्ता पुन्हा लावला, नीट पाहिला आणि म्हणाले, "राहिलं. धरायला हवं होतं." असं कबूल करणारा विद्वान मला व्हिडिओत कधी भेटला नाही, कारण तिथे त्याला विचारणारंच कुणी नसतं.

गेल्या सुट्टीत मावशीबरोबर मीही तिच्या मंडळात गेलो होतो. विषय होता हवामानबदल आणि शहरं. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी तिच्या लेकीच्या अकोटा भागातल्या घरात शिरलं होतं, त्यामुळे ती पहिल्या रांगेत. शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक यातच पस्तीस मिनिटं गेली. शेवटी तिने हात वर केला. नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, भरून इमारती उठल्या, त्याचं काय, एवढंच तिला विचारायचं होतं. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत," असं अध्यक्षांनी जाहीर केलं. मला फार वाईट वाटलं. तरुण का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं.

लंडनचं सगळंच चांगलं असं मुळीच नाही. इथे व्याख्यान संपलं की जो तो मुकाट्याने ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडतो. बडोद्यात त्याच रात्री सेव-उसळीच्या लारीपाशी तासभर वाद रंगला आणि त्यात दोन कॉलेजची पोरंही होती, गुजरातीत तावातावाने बोलणारी. हे इथे मला कधी मिळालं नाही.

व्हिडिओ टाका, जरूर टाका. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणलं, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. पण त्या फिरतात म्हणून मध्यवर्ती ग्रंथालय कुणी मिटवलं नाही. सत्कार पाच मिनिटांत आटपा, निम्मा वेळ प्रश्नांना द्या, आणि त्या पोरांनी गुजरातीत विचारलं तर गुजरातीतच विचारू द्या.

डिसेंबरात मी येतोय. कोतरांचा प्रश्न मावशीच्या डायरीत अजून तसाच आहे, तो पहिला घ्या.