सी ट्राउटला ‘एकच संच’ पुरत नाही

फ्लाय फिशिंगचा, म्हणजे फ्लाय नावाच्या हलक्या, नकली आमिषाने मासे धरण्याचा, नाद असलेल्यांमध्ये सी ट्राउट या माशाबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘सी ट्राउट हा कमालीचा बुजरा आणि तितकाच दांडगा मासा. म्हणून रॉड आठ नंबरचा घ्या, ताठ घ्या. लीडर जितका बारीक तितका बरा, फ्लाय लहान. कास्ट जितका लांब तितका मासा मोठा. लाइन तरंगती एकच पुरे, उरलेला पैसा चांगल्या रीलवर घाला. हा संच जगात कुठेही चालतो.’

(लाइन म्हणजे फेकायचा जाड, वजनदार दोरा; लीडर म्हणजे तिच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा बारीक दोरा; कास्ट म्हणजे फेक; रील म्हणजे लाइन गुंडाळायचं चाक.) वाचायला सुटसुटीत आहे. गंमत म्हणजे शेवटचं वाक्य सोडलं तर यातलं बहुतेक सगळं कुठे ना कुठे खरं आहे. ताठ रॉड आणि भक्कम रील दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या टिएरा देल फ्यूगो बेटाच्या वाऱ्यात खरी. तरंगती लाइन डेन्मार्कच्या उथळ किनाऱ्यावर खरी. बारीक लीडर आणि लहान फ्लाय उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या नदीवर, भर दिवसा खरी. पण या तीन जागांचं एकच गाठोडं बांधून ते वेल्समधल्या टायवी किंवा डोवी नदीवर रात्री अकरा वाजता सोडलं, की पंचाईत होते. मजकूर वाचून सामान घेणारे बहुतेक नवखे असतात, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

आधी मासा. मजकुराचा सूर असा, की सी ट्राउट ही काहीतरी वेगळीच जात आहे आणि तिला खास तिचंच सामान लागतं. वेगळी जात नाही. ब्राउन ट्राउट आणि सी ट्राउट दोन्ही एकाच जातीचे, शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा. काही पिल्लं नदीतच राहतात, काही समुद्रात जाऊन पोटभर खातात, चंदेरी होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. जाणाऱ्यांत माद्या जास्त असतात. टिएरा देल फ्यूगोमध्ये तर हा मासा मुळात नव्हताच. १९३० च्या दशकात तिथल्या नद्यांत ब्राउन ट्राउट सोडले गेले, त्यांतल्या काहींनी समुद्राची वाट धरली, आणि आज रिओ ग्रांदे नदी दहा किलोच्या सी ट्राउटसाठी ओळखली जाते. तेव्हा रॉडवर ‘सी ट्राउट’ असं छापलेलं आहे का, हे बघायची गरज नाही. मासा कुठे आहे, कधी आहे आणि त्या वेळी काही खातोय का, एवढं बघावं. समुद्रात तो खात असतो. नदीत आला की खाणं बहुतेक थांबतं, आणि मग तो फ्लायला तोंड लावतो ते भुकेपोटी नव्हे. चिडून म्हणा, सवयीने म्हणा. इथेच दोन जागांचं सामान वेगळं व्हायला लागतं.

‘मासा दांडगा, म्हणून आठ नंबर.’ हा दावा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात उलटा. रॉडवरचा नंबर माशाच्या ताकदीचा नसतोच, तो लाइनच्या वजनाचा असतो. ठरलेल्या मापात लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन धरतात: सहा नंबरला १६० ग्रेन, म्हणजे साधारण १०.४ ग्रॅम, सातला १८५ ग्रेन, १२ ग्रॅम, आठला २१० ग्रेन, १३.६ ग्रॅम. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, तिला लाइनचं वजन ओढून नेतं. म्हणजे नंबर ठरवायचा तो फ्लाय किती मोठी, भिजल्यावर किती जड आणि समोरून वारा किती, यावर. मध्यम आकाराच्या नदीवर, जिथे रात्री वारा पडलेला असतो, तिथे दहा फुटी सहा किंवा सात नंबर भरपूर झाला. किनाऱ्यावर नऊ-साडेनऊ फुटी, सहा ते आठ. टिएरा देल फ्यूगोचा वारा दिवसदिवस थांबत नाही. तिथे सात-आठ नंबर, आणि बरेच जण दोन्ही हातांनी चालवायचा बारा-तेरा फुटी रॉडच घेतात. एक बारीक गोष्ट: आजकाल कितीतरी लाइनी छापलेल्या नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर जड बनवतात. खोक्यावर ग्रॅम दिलेले असतील तर आधी ते वाचा, नंबर नंतर.

ताठपणाचं काय? वारा कापायला ताठ रॉड चांगला, यात वाद नाही. पण नदीतल्या सी ट्राउटचं तोंड नाजूक असतं, हुक फाटून निसटायला वेळ लागत नाही. त्यात मासा हातभर अंतरावर आल्यावर अचानक उलटापालटा होऊन पाणी घुसळतो, हवेत उडतो. अशा वेळी रॉडचा मधला भाग वाकून धक्का सोसणारा हवा. शिवाय अंधारात कास्ट आखूड असतो, लाइन थोडीच बाहेर असते. ताठ रॉड तेवढ्या वजनाला दादच देत नाही आणि माणूस जोर लावायला लागतो. जोर लावला की लीडरचा गुंता, आणि रात्रीचा गुंता सोडवणं म्हणजे अर्धा तास गेला. दुकानात रॉड हलवून ‘काय कडक आहे’ म्हणणाऱ्याला नदीवर दोन तास मऊ रॉड द्यावा, एवढंच म्हणतो.

आता लीडर. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त मासे या एका सल्ल्यापायी जातात.

‘जितका बारीक तितका बरा’ हे दिवसा, उतरलेल्या काचेसारख्या पाण्यावर पटतं. तिथे दोन-सव्वादोन किलोच्या ताणाला तुटणारा लीडर समजू शकतो. पण वेल्सच्या नद्यांवर सी ट्राउट धरायची रूढ वेळ रात्रीची आहे. दिवसभर झाडाच्या सावलीत, खोल डोहात दडून बसलेला मासा पुरता अंधार पडल्यावर हलायला लागतो आणि उथळ उताराकडे सरकतो. त्या वेळी तो खालून वर बघत असतो, आणि फ्लाय त्याला आभाळाच्या मंद उजेडावर काळ्या आकृतीसारखी दिसते. त्या उजेडात लीडरची जाडी ०.१८ मिलिमीटर आहे की ०.२८, याने फारसा फरक पडत नाही. माणसाला मात्र पडतो. जाडी ०.१८ ची ०.२८ केली की दोऱ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ २.४ पट होतं, आणि एकाच जातीच्या दोऱ्याची ताकदही त्याच मानाने वाढते. रात्री मासा लागल्यावर तो कुठे गेला हे दिसत नाही. पाण्यात बुडालेलं खोड, कपारी, समोरच्या काठाची मुळं, सगळं त्याला पाठ असतं. त्याला तिकडे जाऊ द्यायचं नसेल तर धरून ठेवता आलं पाहिजे. म्हणून रात्री साडेतीन ते साडेपाच किलोचा लीडर वापरतात, आणि तो ‘जाडाभरडा’ म्हणून हिणवायचं काही कारण नाही.

यात कायद्याचाही भाग आहे. २०२० पासून वेल्सच्या नद्यांवर ६० सेंटिमीटरपेक्षा मोठा सी ट्राउट परत सोडावाच लागतो. बारीक लीडरवर मासा वीस मिनिटं दमवून मग सोडला, तर तो पोहत दिसेनासा झाला तरी जगेलच असं नाही. जाड लीडरवर तोच मासा लवकर हाताशी येतो.

दोऱ्याची जातही बघायला हवी. फ्लुओरोकार्बनची घनता पाण्याच्या १.७८ पट, नायलॉनची १.१४ पट. दोन्ही पाण्यापेक्षा जड, पण फ्लुओरोकार्बन चांगलाच बुडतो. पाण्याच्या वरच्या थरात रेघ ओढत जाणारी फ्लाय वापरायची असेल, तर फ्लुओरोकार्बन तिचं नाक खाली ओढतो आणि रेघच गायब होते. तिथे साधं नायलॉन. बुडणाऱ्या लाइनवर मात्र लीडर आखूड हवा, चार-पाच फूट. लांब ठेवला तर लाइन खाली आणि फ्लाय वर तरंगत राहते.

आणि गाठ. वाऱ्याने किंवा चुकलेल्या कास्टने लीडरवर साधी गाठ बसते आणि त्याची बरीच ताकद तिथेच जाते. दिवसा ती दिसते. रात्री दिसत नाही, म्हणून दर काही कास्टनंतर फ्लायपासून वरपर्यंत लीडर चिमटीतून सरकवत न्यायचा. खडबडीत लागलं की तेवढा तुकडा कापायचा, उजेड न करता नवा जोडायचा. बारीक दोरा गार पडलेल्या बोटांना कळतच नाही, जाड कळतो.

‘फ्लाय लहान’ हा दावा लवकर आटपू. दिवसा नदीवर दहा-बारा नंबरच्या हुकवरची (नंबर मोठा तितका हुक लहान) लहान फ्लाय ठीक. रात्री पाच-सात सेंटिमीटरच्या फ्लाय सर्रास वापरतात, निळ्या-चंदेरी किंवा नुसत्या काळ्या. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर तर मासा काय खातोय त्यावर सगळं अवलंबून: वसंतात वाळूतले किडे वर येतात तेव्हा लांबट, हलणारी फ्लाय, एरवी कोळंबीसारखी किंवा छोट्या माशांसारखी. तिथे आकारापेक्षा फ्लाय किती हळू ओढता हे हिवाळ्यात जास्त महत्त्वाचं. पाणी अगदी गार आणि खारट असलं की सी ट्राउटच्या शरीराला मिठाचा तोल सांभाळणं जड जातं, म्हणून तो फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या खाडीच्या, आतल्या कमी खारट पाण्यात सरकतो आणि मंदावतो.

‘कास्ट जितका लांब तितका मासा मोठा.’ हा दावा वाचला की मला हसू येतं. डॅनिश लोक किनाऱ्याच्या एका विशिष्ट तळाला ‘बिबट्या-तळ’ म्हणतात: वाळूचे फिकट पट्टे, मध्येमध्ये दगड आणि समुद्री वनस्पतींचे काळे ठिपके. त्या ठिपक्यांच्या कडेने सी ट्राउट शिकार करत फिरतो, आणि हे पाणी कितीदा गुडघाभरच असतं. येणारा माणूस मात्र वेडर (पाण्यात चालायचा जलरोधक पोशाख) घालून थेट कमरेएवढ्या पाण्यात जातो आणि तिथून क्षितिजाकडे लाइन फेकतो. ज्या पाण्यातून तो चालत गेला, मासा त्यातच होता. आधी कोरड्यावर उभं राहून किनाऱ्याला समांतर काही कास्ट टाकावेत, मग पाण्यात पाय घालावा.

रात्रीच्या नदीवर तर अंतर वाढवणं म्हणजे समोरच्या झाडाला फ्लाय दान करणं. तिथले लोक दिवसा येऊन डोह बघून ठेवतात, हवी तेवढी लाइन बाहेर काढतात आणि नेमक्या त्या जागी लाइनवर दोऱ्याचे चार वेढे घट्ट बांधतात. रात्री लाइन ओढताना तो उंचवटा बोटाला लागला की समजायचं, अंतर बरोबर. डोळ्यांचं काम बोटं करतात. डाव्या हातात लाइन आठच्या आकड्यासारखी हळूहळू गोळा होत असते आणि चावा कळतो तोही तिथेच: कधी जोराचा हिसका, कधी नुसतं कुणीतरी लाइन चिमटीत धरून सोडल्यासारखं.

तरंगत्या लाइनीबद्दल एवढंच, की ती सुरुवातीला घ्यायला उत्तम आहे, पण ‘एकच पुरे’ नाही. नदीवर रात्र चढते, हवा गार होते, वरच्या थरातली हालचाल थांबते. मग सावकाश बुडणारी लाइन लावून फ्लाय खाली न्यावी लागते. किनाऱ्यावर लाटा असल्या की तरंगती लाइन त्यांच्याबरोबर मागेपुढे होते आणि फ्लायशी संबंध तुटतो. सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर बुडणारी लाइन लाटेखालून सरळ राहते. आणि गरम देशांतल्या समुद्रासाठी बनवलेली लाइन चुकूनही घेऊ नये. गार पाण्यात ती तारेसारखी ताठ होते, वेटोळी सुटता सुटत नाहीत.

राहिली रील. रिओ ग्रांदेवर किंवा मोकळ्या किनाऱ्यावर मासा लांब धावतो, तिथे ब्रेक गुळगुळीत आणि मिठावाळूपासून बंदिस्त हवा, मागे शंभर मीटर दोरा हवा, आणि घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवायला हवी. डोहाच्या नदीवर मासा डोहातच झुंजतो. साधी, न अडकणारी रील तिथे सगळं काम करते. वाचलेल्या पैशातून बुडणारी दुसरी लाइन आणि ती गुंडाळायला एक जादा स्पूल घ्या. रात्री जाणार असाल तर लाल उजेडाचे दोन दिवे घ्या, आणि ते पाण्याकडे वळवू नका.