पाठ माझी, अंमल इतरांचा

अंगावर पित्त उठलं की त्या अंगावर मालकाचा हक्क उरत नाही. बायको आमसुलं भिजत घालते. काका ऐन मे महिन्यात फोनवरून घोंगडी पांघरायला सांगतात. ऑफिसातला शेजारी खुर्ची दोन फूट मागे सरकवून विचारतो, "पसरत नाही ना हो हे?" पसरतं, पण माझ्याच अंगावर.

मला तर पित्तासाठी काही खावंही लागत नाही. नख ओढलं की काम झालं. डॉक्टर याला डर्मोग्राफिझम म्हणतात. चिरंजीवांना हा शोध लागला त्या दिवशी त्यांनी संपलेल्या रिफिलीच्या टोकाने माझ्या पाठीवर फुली-गोळ्याचा डाव मांडला. आधी नुसती लाल रेघ. मग तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरली. आणि दहा मिनिटांच्या आत अख्खी चौकट टच्च फुगून वर आली, बोट फिरवलं तर हाताला लागेल इतकी. अर्ध्या-पाऊण तासाने पाठ पुन्हा सपाट. "बाबा, पुसलं गेलं. अजून एक डाव?"

रेघ, लाली, फुगवटा हा क्रम थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२०च्या दशकात नीट मांडून ठेवलाय. त्यातली लालीची भानगड मला फार आवडते. खाजेची वर्दी घेऊन मज्जातंतू मणक्याकडे निघतो खरा, पण वाटेत फाटा लागला की तीच वर्दी उलटी त्वचेकडेही जाते. मेंदूची परवानगी नाही, काही नाही. तिथे तंतूच्या टोकातून दोन पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे चिमुकले तुकडे, सुटतात. पहिलं सीजीआरपी. ते रक्तवाहिन्या रुंद करतं, म्हणून लाली. दुसरं सबस्टन्स पी. ते बारीक शिरांच्या भिंतीतल्या पेशींना एकमेकींपासून जरा सरकवतं, आणि त्या फटींतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं असंच आहे. ओल आमच्या छताला, आणि वरचे म्हणतात आमच्याकडे तर सगळं कोरडं. वर हे सबस्टन्स पी मास्ट पेशींनाही, म्हणजे त्वचेत हिस्टामिन नावाचं रसायन साठवून बसलेल्या पेशींनाही, डिवचतं. त्या हिस्टामिन सोडतात, हिस्टामिन आणखी गळती करतं, मज्जातंतूला पुन्हा चाळवतं, आणि मी पुन्हा खाजवतो.

सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली की हिस्टामिनचं तोंड बंद होतं. गुंगीने माझंही होतं, दुपारच्या मीटिंगमध्ये मी हल्ली कुणालाच विरोध करत नाही.

हे सगळं मी एकदा आईला समजावून सांगायला बसलो. हातात आमसुलाच्या पाण्याची वाटी घेऊन ती माझ्या पाठीमागे बसली होती, त्यामुळे मला पळता येत नव्हतं आणि तिला ऐकावं लागत होतं. १९३१ साली फॉन ऑइलर आणि गॅडम या दोघा शास्त्रज्ञांना हे सबस्टन्स पी घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडलं, तेही मी सांगितलं. त्यात अकराच अमिनो आम्लं असतात, हेही सांगितलं. पाठीवरचा हात थांबला. मला वाटलं, पटलं.

"घोड्याच्या आतड्यापर्यंत जायची काय गरज होती?" आई म्हणाली. "काल रात्री तिसऱ्यांदा सुकट वाढून घेतलीस, ते मी पाहिलंय."