आपला माणूस जिंकतो तेव्हा मंडळी हरू शकते

निवडणूक जवळ आली की ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतला सूर बदलतो. एरवी तिथे आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, नोकरी गेलेल्यांसाठी प्रार्थनेच्या विनंत्या येतात. त्या मागे पडतात आणि 'हा आला नाही तर आपलं संपलं' असे फॉरवर्ड फिरायला लागतात. कुणी अमुक उमेदवारासाठी साखळी उपास जाहीर करतं. कुणी सांगतं की देवाने मला निकाल आधीच दाखवलाय. ज्याला हे पटत नाही तो गप्प बसतो, कारण प्रश्न विचारला की लोक त्याच्या विश्वासावरच शंका घेतात.

मला यावर स्पष्ट लिहायचंय. ही मंडळी, म्हणजे हे चर्च, माझी आहे, तिच्यातच मी प्रभूला ओळखलं, म्हणून लिहायचंय.

मत द्यावं की नाही, हा माझा प्रश्न नाही. द्यावंच. मी देते, आणि उमेदवाराने मागच्या पाच वर्षांत काय केलं ते वाचून देते. कुणाला राजकारणात उतरण्याचं पाचारण असेल तर त्याने खुशाल उतरावं. 'आमचं नागरिकत्व स्वर्गात आहे, आम्हाला या जगाच्या निवडणुकांशी काय करायचंय' असं म्हणणारे बंधुभगिनी भेटतात. त्यांना मी विचारते, प्रेषित पौलाने ते वचन कुणाला लिहिलं? फिलिप्पैच्या मंडळीला. आणि त्याच फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी 'सोडून द्या त्यांना' असा निरोप पाठवला, तेव्हा पौल निमूट निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौघांदेखत मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्याने बजावलं (प्रेषितांची कृत्ये 16). ते घाबरले, आले, विनवण्या करू लागले. मला नेहमी वाटतं की पौलाने हे स्वतःच्या मानासाठी केलं नसावं. तो निघून जाणार होता, पण लुदियेच्या घरी जमणारी कोवळी मंडळी त्याच गावात, त्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहणार होती. स्वर्गाच्या नागरिकत्वाबद्दल लिहिणारा माणूस पृथ्वीवरचं नागरिकत्व दुसऱ्यांच्या रक्षणासाठी वापरताना जराही अवघडला नाही.

तेव्हा प्रश्न सहभागाचा नाही. प्रश्न आशेचा आहे. आपण मतपेटीकडून काय मागतोय?

विल्यम विल्बरफोर्सचं उदाहरण आपण सगळेच देतो, पण अर्धंच देतो. तो ब्रिटिश संसदेत असतानाच त्याचं हृदयपरिवर्तन झालं. राजकारण सोडावं का, असा प्रश्न त्याला पडला. पूर्वी गुलामांच्या जहाजांचा कप्तान असलेल्या जॉन न्यूटन या पाळकाने त्याला तिथेच राहून सेवा कर असं सांगितलं. वीस वर्षांच्या झगड्यानंतर 1807 साली गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. गुलामगिरीच संपवणारं विधेयक मंजूर होणार हे 1833 च्या जुलैमध्ये नक्की झालं आणि तीनच दिवसांनी विल्बरफोर्स वारला. इथवर आपण अभिमानाने सांगतो. पुढचं सांगत नाही. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली ती मालकांना. पिढ्यानपिढ्या राबलेल्यांना काहीही मिळालं नाही. शिवाय बहुतेकांना 'शिकाऊ कामगार' म्हणून 1838 पर्यंत त्याच मालकांकडे राबवलं गेलं. तरीही तो कायदा मोलाचाच होता, एका माणसाचं उभं आयुष्य त्यात गेलं ते सार्थकी लागलं, असंच मी म्हणेन. राजकारणातला विजय चांगला असला तरी असाच असतो. खरा, पण अपुरा. त्यासाठी झटावं, देवाचे आभार मानावे, पण त्याला देवाचं राज्य म्हणू नये.

आणि हेही विसरू नये की अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत, तेच पवित्र शास्त्र वाचणारे, तोच नवा जन्म सांगणारे लोक नेमके उलट्या बाजूला उभे होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही, या वादातून 1845 साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा मंडळ्यांचा संघ वेगळा झाला. त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती 1995 मध्ये. 'उमेदवार विश्वासणारा आहे' एवढं ऐकून ज्यांचं समाधान होतं, त्यांनी या दीडशे वर्षांचा विचार करावा.

आता 'कोरेश'बद्दल, म्हणजे बंदिवासातल्या यहुद्यांना मायदेशी जाऊ देणाऱ्या पारसी राजाबद्दल, कारण हा युक्तिवाद फार चालतो. उमेदवाराचं वागणं, बोलणं, चारित्र्य यावर बोट ठेवलं की उत्तर येतं, देवाने कोरेशालाही वापरलं होतं ना? वापरलं होतं. यशयाच्या 45 व्या अध्यायात ते लिहिलंय, आणि तू मला ओळखत नाहीस हेही तिथेच कोरेशाला सांगितलंय. पण त्याच यशयाचा दहावा अध्याय आपण का वाचत नाही? तिथे अश्शूरचा राजा देवाच्या हातातली काठी आहे, आणि काम झाल्यावर देव त्याच काठीला तिच्या उन्मत्तपणाबद्दल शिक्षा करणार आहे. देव कुणाला वापरतो यावरून तो माणूस चांगला ठरत नाही, आणि त्याची पाठराखण करणं हे आपलं कर्तव्यही ठरत नाही. शिवाय कोरेश निवडणुकीला उभा नव्हता. त्याला निवडण्याची जबाबदारी यहुद्यांवर नव्हती. आपल्यावर आहे, आणि ती 'देवाची योजना' म्हणून झटकता येत नाही.

भविष्यवाणीचंही तेच. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीआधी कितीतरी नावाजलेल्या संदेष्ट्यांनी प्रभूच्या नावाने निकाल सांगून टाकला. निकाल उलटा लागला. काहींनी प्रामाणिकपणे माफी मागितली, आणि त्याबद्दल त्यांच्याच अनुयायांचा संताप ओढवून घेतला. इतर काहीजण निकालच खोटा आहे असं सांगत राहिले. 6 जानेवारी 2021 रोजी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, चालून गेलेल्या जमावात येशूच्या नावाचे फलक आणि क्रूस होते. त्या दिवशीची छायाचित्रं मी पाहू शकले नाही, मध्येच थांबले. 1 राजे 22 मध्ये इस्राएलचा राजा अहाब याच्यापुढे चारशे संदेष्टे उभे आहेत, सगळे म्हणतायत चढाई कर, जय तुझाच आहे. एकाने तर लोखंडाची शिंगं करून आणली होती. खरं सांगणारा मीखाया एकटा होता, आणि अहाबाने त्याला तुरुंगात टाकलं. संख्येवरून, आवाजावरून, आवेशावरून परमेश्वराचा शब्द ओळखता येत नाही, हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण फसतोच कसे?

मला वाटतं आपण फसतो कारण आपल्याला हरण्याची भीती वाटते, जिंकण्याची वाटत नाही. वाटायला हवी.

झांबियाचं उदाहरण म्हणून मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1991 साली तिथे बहुपक्षीय निवडणूक झाली आणि फ्रेडरिक चिलुबा राष्ट्राध्यक्ष झाले. कामगार चळवळीतून आलेला नेता, स्वतःला उघडपणे नव्याने जन्मलेला ख्रिस्ती म्हणवणारा. त्या वर्षीच्या 29 डिसेंबरला त्यांनी झांबिया हे ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं घोषित केलं. 1996 मध्ये ते संविधानाच्या उद्देशिकेतही आलं. आपल्यासारख्या विश्वासणाऱ्यांना याहून मोठं स्वप्न कोणतं? तिथल्या कितीतरी मंडळ्यांनी आनंदाने आभारप्रार्थना केल्या असतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

पण वर्षं गेली तशी भ्रष्टाचाराची चर्चा वाढली. मग 2001 मध्ये चिलुबांच्या समर्थकांनी त्यांना तिसऱ्यांदा उभं करण्याची मोहीम काढली. संविधानाने दोनच वेळा परवानगी दिली होती. तेव्हा झांबियाच्या इव्हँजेलिकल फेलोशिपने, म्हणजे तिथल्या इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या संघटनेने, जे केलं ते मी पुन्हा पुन्हा सांगत असते. कॅथलिक बिशपांची परिषद, ख्रिश्चन कौन्सिल, वकिलांची संघटना आणि स्त्रियांच्या संस्था यांच्यासोबत ती 'ओएसिस फोरम'मध्ये उभी राहिली आणि आपल्याच ख्रिस्ती राष्ट्राध्यक्षाला नाही म्हणाली. देशभर लोक विरोधात बोलू लागले, संसद सदस्य फुटले, आणि मे 2001 मध्ये चिलुबांनी आपण उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. पुढे 2007 मध्ये लंडनच्या न्यायालयाने दिवाणी खटल्यात त्यांना सरकारी पैशाच्या अपहाराबद्दल जबाबदार धरलं. 2009 मध्ये झांबियातल्या फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या खटल्यांचं काय ते इतिहास बघेल. मला महत्त्वाचा वाटतो तो नकार. ज्याने आपल्याला हवं ते सगळं दिलं, ज्याने आपल्या प्रभूचं नाव राष्ट्राला लावलं, त्याला समोर उभं राहून थांब म्हणणं. संदेष्टा नाथानाने दावीद राजाला सांगितलं ते असंच. नाथान दावीदाचा शत्रू नव्हता, दरबारातलाच होता, आणि तरीही दावीदाने करवलेल्या उरीयाच्या खुनानंतर त्याची जीभ अडखळली नाही.

याच्या उलट ग्वाटेमाला. 1982 च्या मार्चमध्ये एफ्राइन रिओस माँट लष्करी उठावातून सत्तेवर आला. तो एका इव्हँजेलिकल मंडळीचा सभासद होता आणि दर रविवारी टीव्हीवर नीतिमत्तेचे उपदेश करत असे. अमेरिकेतल्या नामांकित ख्रिस्ती पुढाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं, त्याच्यासाठी मदतीची आवाहनं केली. त्याच महिन्यांत त्याचं सैन्य इशील माया लोकांची गावंच्या गावं जाळत होतं. 2013 मध्ये ग्वाटेमालाच्या न्यायालयाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. संविधानिक न्यायालयाने तो निकाल काही दिवसांतच रद्द केला, आणि फेरखटला पूर्ण होण्याआधी 2018 मध्ये तो वारला. ज्यांची माणसं मारली गेली ते लोक न्यायालयात येऊन आपल्या भाषेत साक्ष देऊन गेले. 'आपला भाऊ सत्तेवर आहे' या आनंदात बुडालेल्या जगभरच्या विश्वासणाऱ्यांनी ते आवाज तेव्हाच ऐकायला हवे होते.

म्हणून निवडणुकीआधी मला माझ्या मंडळीला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याच्यासाठी तुम्ही उपास करताय, तो निवडून आल्यावर चुकला, तर त्याच व्यासपीठावरून ते बोलाल का? उत्तर हो असेल तर करा उपास. उत्तर देताना घसा कोरडा पडत असेल, तर तुमची आशा कुठे जाऊन बसली ते तपासा.

आपली आशा कशावर उभी आहे? पिलाताच्या अधिकाराखाली, राजकीय कारण देऊन, क्रूसावर 'यहुद्यांचा राजा' अशी पाटी लावून ज्याला मारलं, त्याला देवाने तिसऱ्या दिवशी उठवलं, यावर. ते घडून गेलंय. कुठलाही निकाल ते मागे घेऊ शकत नाही आणि त्यात भरही घालू शकत नाही. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी, हाच इस्राएलाची मुक्तता करील अशी आम्हाला आशा होती, असं खुद्द उठलेल्या प्रभूलाच सांगितलं. त्यांची आशा खोटी नव्हती, फार लहान होती. हे ज्याला उमगलं त्याला मत देताना घाबरायची गरज उरत नाही. तो विचारतो, माझ्या मताने कुणाचं भलं होईल, दुबळ्याला कोण वाचवेल, खोटं कोण कमी बोलेल? आणि दोन भले विश्वासणारे या प्रश्नांची वेगळी उत्तरं काढू शकतात, हे त्याला मान्य असतं. येशूच्या बारा जणांत रोमच्या अंमलाखाली जकात वसूल करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे रोमविरोधी कट्टर, म्हणवला जाणारा शिमोनही होता. एकमेकांशी त्यांचं काय बोलणं झालं ते शुभवर्तमानांत लिहिलेलं नाही. पण प्रभूने त्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं नाही.

आपण मात्र बसवतो. एका मतावरून एखादं कुटुंब उपासनेला यायचं बंद होतं आणि कुणी त्यांच्या घरी जात नाही. 'गळती होतेच' असं म्हणून विषय संपवतात. मला हे कुठल्याही पराभवापेक्षा गंभीर वाटतं.

पाळकांना आणि वडीलमंडळाला माझी विनंती आहे. निकालानंतरच्या रविवारी निवडून आलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, मग तो आपल्याला आवडो की न आवडो. 1 तीमथ्य 2 मध्ये सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, आणि त्या काळातल्या कुठल्याही कैसराला मंडळीतल्या एकाही माणसाने मत दिलेलं नव्हतं. तो आवडता असेल, तर त्याच्या धोरणांमुळे ज्यांना झळ बसू शकते त्यांच्यासाठीही त्याच प्रार्थनेत दोन वाक्यं घाला, त्यांची नावं घेऊन. आणि ज्या घरातली माणसं आता येत नाहीत, त्यांच्याकडे त्याच आठवड्यात कुणीतरी जा, निकालाचा विषय न काढता.