ते बाकीचे नऊ जण

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे इकडे जर्मनीत एर्नटेडांक, आपल्याकडचा हंगामाचा सण समजा. वेदीपुढे भोपळे, बटाटे, सफरचंदं, भलामोठा पाव मांडतात आणि नंतर ते सगळं टाफेलला, म्हणजे गरजूंना धान्य-भाजी देणाऱ्या केंद्राला जातं. लिलाव नाही. मला सुरुवातीला फार चुकल्यासारखं व्हायचं, कारण नगरकडे आमच्या चर्चमध्ये बाजरीची कणसं, गावठी कोंबड्या सगळ्याचा लिलाव, आणि जिच्या घरात काही नाही ती म्हातारीसुद्धा पदरात चार अंडी घेऊन यायची, ती अंडी कुणीतरी पाचशेला घ्यायचं आणि मग तिचा चेहरा बघावा. तो आनंद इकडे नाही, खरं सांगतो.

पण परवा दादाचा फोन आला. गावी एका पोराने लिलावाच्या पैशाचा हिशोब मागितला तर भर मीटिंगमध्ये त्याला ऐकवलं, तुझा आजा मिशनच्या बोर्डिंगात जेवला, उपकार विसरलास का? दादालाही ते पटलेलं. मला नाही पटलं.

उपकारस्तुती, किती सुंदर शब्द आहे आपल्या बायबलमधला. ती देवाची करायची. ती माणसांपुढे करायला लावली की तिचा मिंधेपणा होतो. अमेरिकन मिशन नगरला 1831 मध्ये आलं, त्यांच्या शाळेमुळे माझं घराणं शिकलं, मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीसुद्धा 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार ही स्वतंत्र मंडळी काढलीच ना, मग त्यांना कृतघ्न म्हणायचं का?

हे मला इथे राहून जास्त कळतं. व्हिसाच्या कामात महिनोन्‌महिने अडकलो, जरा तक्रार केली की कुणीतरी म्हणणारच, इथे राहायला मिळतंय त्याचं समाधान मान. असं ऐकलं की माणूस गप्प बसतो, पण त्याच्या मनात कृतज्ञता काही येत नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशूमुळे दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटा शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्याला परका मानत तो, परत येतो. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला लागलं असणारच. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं असं कुठेही लिहिलेलं नाही, यावर आमच्याकडे कधी प्रवचन ऐकलं नाही मी. आणि जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय काढून बघा, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे जाऊ नका, ती परक्याची, अनाथाची, विधवेची आहे, कारण तुम्हीही मिसरात दास होता हे आठवा. म्हणजे आठवण ठेवायची ती दुसऱ्याचा वाटा त्याला देण्यासाठी, त्याचं तोंड बंद करण्यासाठी नाही!

दादाला म्हटलं लिलाव बंद करू नका, म्हातारीची अंडी येऊ देत, फक्त सणाच्याच दिवशी हिशोबाचा कागद चर्चच्या दाराला लावा. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, रविवारी विषय काढतो. मी माझी पहिल्या फळाची, म्हणजे हंगामाच्या सणाच्या अर्पणाची रक्कम त्याच दिवशी पाठवली आणि पावती मागितलीय.