बारा महिने, एक लाइट बिल आणि म्हणे निम्मी फी

"एमएसला अमेरिकेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी जरूर वाचावे, कन्सल्टंट हे कधीच सांगणार नाहीत!!" अशी सुरुवात असलेला एक फॉरवर्ड सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्यांना जास्त फी असते, राज्यातल्यांना कमी. पहिलं वर्ष निमूट जास्त फी भरा. त्या वर्षात (१) ड्रायव्हिंग लायसन्स काढा, (२) तिथल्या नातेवाइकाच्या घरचं लाइट बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, (३) बँकेत खातं उघडा, (४) मतदार नोंदणी करा, (५) रेसिडेंट म्हणून टॅक्स रिटर्न भरा. बारा महिने झाले की तुम्ही त्या राज्याचे रहिवासी आणि दुसऱ्या वर्षी फी निम्म्याहून कमी. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया), टेक्सास, सगळीकडे चालतं. अमेरिकन मुलंही हेच करतात.

मला हे नाशिकहून ताईने पाठवलं. तिचा प्रश्न असा की आमच्या कॅलिफोर्नियातल्या, फ्रीमाँटच्या घरचं लाइट बिल वर्षभर भाच्याच्या नावावर करता येईल का. तेवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण भावजींनी बँकेत मागायच्या एज्युकेशन लोनचा आकडाही या हिशेबाने खाली आणला होता. म्हणून हे लिहितेय, आणि शांत डोक्याने लिहितेय असा माझा अजिबात दावा नाही.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील, याने मुलाचा पुढचा सगळा रस्ता बंद होईल. मतदार नोंदणी करा? अहो, विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा अमेरिकेचा नागरिक नाही. मतदार नोंदणीच्या अर्जावर तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, हे स्पष्ट विचारलेलं असतं, आणि खोटं लिहिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून खाली सही करायची असते. तिथे 'हो'वर खूण करणं म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. १९९६ च्या कायद्यापासून असा दावा करणाऱ्याला देशाबाहेर काढता येतं, पुन्हा प्रवेश नाकारता येतो, आणि ग्रीन कार्डाच्या वेळी या कारणावर माफी जवळजवळ नाहीच. 'मी मत दिलं नाही, नुसतं नाव नोंदवलं' हा बचाव चालत नाही. वीस वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ आली तरी त्यात प्रश्न असतो की तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का. म्हणजे बावीसाव्या वर्षी मावशीच्या घरी बसून केलेला उद्योग बेचाळिसाव्या वर्षी आडवा येणार.

हा मुद्दा यादीत आला कुठून, हे मी सांगू शकते. अमेरिकन विद्यापीठं आपल्याच देशातल्या मुलांसाठी, म्हणजे ओहायोहून कॅलिफोर्नियात आलेल्या नागरिकासाठी, पुराव्यांची यादी देतात. त्यात मतदार नोंदणी असते, आणि त्या मुलासाठी ती योग्यच असते. कुणीतरी ती यादी उचलली, मराठीत आणली, वर दोन उद्गारचिन्हं टाकली आणि ढकलली पुढे. वाचणारा कोणत्या व्हिसावर आहे, याचा विचार करायला कुणाला वेळ होता? आणि इथे आलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट, मुद्दाम सांगते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून लायसन्सच्या कामातच मतदार नोंदणीचे प्रश्न विचारले जातात. डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या ऑफिसच्या, खिडकीसमोर गडबडीत 'यस, यस' करत पुढे जाऊ नका. तो प्रश्न आला की थांबा, वाचा आणि नाही म्हणा.

आता सगळ्या फॉरवर्डचा पाया, बारा महिन्यांचा. इथे मला फारसे संदर्भ लागत नाहीत, एक पुरतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे रेसिडेन्सचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, कुणीही वाचावेत. एक वर्ष आणि एक दिवस राज्यात प्रत्यक्ष राहणं ही त्यातली फक्त एक अट. दुसरी अट, इथेच कायमचं राहायचा इरादा आणि त्याचे पुरावे. तिसरी अट, इथे कायमचं बिऱ्हाड करायला परवानगी देणारा इमिग्रेशन दर्जा. नागरिक चालतो, ग्रीन कार्डवाला चालतो, नोकरीच्या एच-१बी व्हिसावरचे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले, कुटुंबातले एच-४ वाले चालतात. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, चालत नाही. जे-१, म्हणजे एक्स्चेंज व्हिसा, सुद्धा नाही. वर त्या नियमात असंही म्हटलंय की केवळ शिक्षणासाठी राज्यात राहिलात तर कितीही काळ राहिलात तरी त्याने रहिवास सिद्ध होत नाही. कितीही काळ. बारा महिने नाही आणि बारा वर्षंही नाही. रेसिडेन्सच्या अर्जातच व्हिसा कोणता ते विचारतात. तिथे एफ-१ लिहिलं की पुढची लाइट बिलं कुणी उलगडूनही बघत नाही.

हे अन्यायाचं वाटत असेल तर जरा मुंबईत बीकेसीतली अमेरिकन व्हिसाची ती रांग आठवा. एफ-१ व्हिसा कायद्याने त्यालाच मिळतो ज्याचं मायदेशी घर आहे आणि ते सोडायचा ज्याचा विचार नाही. मुलाखतीला जाण्याआधी प्रत्येक मुलाकडून हेच घोटून घेतात: शिकून परत येणार, आईवडील इथेच, घर इथेच. यात कमी पडला तर २१४-बीचा, म्हणजे व्हिसा नाकारल्याचा, कागद हातात. मग त्याच मुलाने वर्षभरात विद्यापीठाला लिहून द्यायचं की मी आता कायमचा कॅलिफोर्नियाचा, परत जायचा प्रश्नच नाही? दोन सरकारी अर्ज, दोन्हींवर त्याचीच सही, आणि दोन्हींत उलट मजकूर. हा सल्ला देणाऱ्याला आपण काय सांगतोय हे कळत नसावं, असं समजून मी त्याला संशयाचा फायदा देते.

आपल्याकडचे पालक याला इतके सहज का फसतात, तेही लक्षात येतं. आपल्याला डोमिसाइल म्हणजे एक दाखला वाटतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे गोळा करायचे, सेतूत द्यायचे, तहसीलचा शिक्का आला की प्रवेशाच्या फाइलला लावायचा. इथे असा दाखला देणारं ऑफिस नाही. विद्यापीठाचा अधिकारी स्वतः ठरवतो, आणि तो कागद मोजत नाही, माणूस इथे का आलाय ते बघतो. आणि एक बोलूनच टाकते. परराज्यातली मुलं खोट्या डोमिसाइलवर महाराष्ट्राच्या कोट्यातली मेडिकलची सीट घेतात म्हणून याच ग्रुपांवर दर जुलै-ऑगस्टमध्ये आरडाओरडा असतो. रास्तच असतो. मग इथल्या करदात्यांच्या पैशातली सवलत मावशीच्या लाइट बिलावर उचलायची कल्पना त्याच लोकांना हुशारी कशी वाटते?

पैशांचं बोलू, कारण खरं नुकसान तिथे आहे. यूसीच्या नेहमीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नॉनरेसिडेंटची, म्हणजे राज्याचा रहिवासी नसलेल्याची, जादा फी वर्षाला १५,१०२ डॉलर आहे. आजच्या दराने तेरा लाखांच्या वर. भावजींनी दुसऱ्या वर्षाच्या हिशेबातून हीच रक्कम वगळली होती. मुलगा तिकडे गेलेला, पहिलं वर्ष संपलेलं, आणि तेरा लाख कमी. तेव्हा बँकेत वाढीव कर्ज मागायला जायचं म्हणजे पुन्हा सगळी कागदपत्रं, कदाचित आणखी तारण, आणि इकडे फीची तारीख टळून गेलेली. फी न भरल्याने नोंदणी रद्द झाली तर त्याचा व्हिसाही धोक्यात. ग्रॅज्युएशनला येणाऱ्या मुलांचा आकडा तर आणखी मोठा: २०२५ च्या फॉलला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राला, नव्याने आलेल्यांना ही जादा फी ३७,६०२ डॉलर होती. 'बघू, दुसऱ्या वर्षी होईल कमी' म्हणून डोळ्याआड करण्याइतकी ही रक्कम लहान नाही.

उरलेले मुद्दे पटापट. लायसन्स काढा, उपयोगी आहे, गाडी चालवता येते. बँक खातं लागतंच. लाइट बिल कुणाच्याही नावावर असो, भरावं तर लागतंच. टॅक्सचा मुद्दा मात्र साफ चुकीचा: एफ-१ वरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी नॉनरेसिडेंट असतो, त्याने १०४०-एनआर हा नॉनरेसिडेंटचा रिटर्न भरायचा. रेसिडेंट म्हणून भरला तर फी कमी होत नाहीच, उलट रिटर्न दुरुस्त करत बसावं लागतं. आणि यूएससी! यूएससी खाजगी विद्यापीठ आहे. तिथे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर जरी शिकायला गेला तरी त्याला राज्यातला म्हणून सवलत नाही. ज्याला सरकारी विद्यापीठ कोणतं नि खाजगी कोणतं हे माहीत नाही, त्याच्या सल्ल्यावर लोक फ्लॅट गहाण ठेवायचा आकडा ठरवताहेत.

'अमेरिकन मुलंही हेच करतात' यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. पदव्युत्तर शिक्षणाला दुसऱ्या राज्यातून आलेला नागरिक वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरू शकतो, आणि पीएचडीवाल्यांना विद्यापीठं स्वतःच ते करून घ्या म्हणतात. मिझुरी विद्यापीठ तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. वर्षभर राज्यात राहून तिथे किमान २,००० डॉलर कमावले, की शेजारच्या इलिनॉयची मुलंही रहिवासी होतात. पण ही नागरिकांची गोष्ट झाली. पदवीला आलेल्या, चोविशीच्या आतल्या आणि आईवडील राज्याबाहेर असलेल्या अमेरिकन मुलालाही यूसीत आर्थिक स्वावलंबन दाखवावं लागतं, आणि ते जवळजवळ अशक्य असतं. आमच्या ओळखीत तर लहानपणापासून इथे वाढलेली एच-४ ची मुलं आहेत. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आश्रित म्हणून असलेला व्हिसा संपतो, एफ-१ घ्यावा लागतो, आणि कित्येक ठिकाणी त्यांच्या फीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. बालवाडीपासून इथे असलेल्यांची ही गत, आणि आपला भाचा ऑगस्टमध्ये उतरणार.

टेक्सासचा उल्लेखही अगदीच हवेतला नाही. तिथे कायद्यातच सोय आहे की सरकारी विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या विद्यार्थ्याला, परदेशी असला तरी, राज्यातल्या दराने फी लावता येते. डॅलसच्या बाजूला गेलेल्या आपल्या कित्येक मुलांना याचा फायदा झालाय. पण ती मुलं टेक्सासची रहिवासी झाली नाहीत, त्यांना सवलत मिळाली. ती गुणवत्तेवर मिळते, एकूण विद्यार्थ्यांच्या पाच टक्क्यांपुरतीच देता येते, आणि तिचा लायसन्सशी नि लाइट बिलाशी काडीचा संबंध नाही. तसंच अर्धवेळ टीए (शिकवण्यात मदतनीस) किंवा आरए (संशोधनात मदतनीस) अशी जागा मिळाली तर बऱ्याच ठिकाणी फीचा मोठा भाग सुटतो. यूसीत पीएचडीची पात्रता परीक्षा पार केलेल्यांना ती नॉनरेसिडेंटची जादा फीही तीन वर्षांपर्यंत माफ असते. एमएसच्या मुलांना या जागा कमी मिळतात, पण मिळतात.

तेव्हा ताई, भावजींना सांग, कर्ज दोन्ही वर्षांच्या पूर्ण फीचं मंजूर करून घ्या. लागलं नाही तर सगळं उचलायची सक्ती नसते. आणि भाच्याला सांग की कोणते प्रोफेसर एमएसच्या मुलांना आरए देतात, टीएचे अर्ज कधी उघडतात, हे डिपार्टमेंटच्या पानावर बघून आताच ईमेल टाकायला लाग. इथे येऊन पोचेपर्यंत त्या जागा भरलेल्या असतात.